बाराव्याचे बूट

माझ्या नोकरीत मला दिवसभर परक्या माणसांच्या पायांना हात लावावा लागे, आणि निम्मी माणसं पाय मागे ओढून घेत. त्यांचंही चुकत नव्हतं. पांढऱ्या केसांची, कुंकू लावलेली, साडीतली बाई जमिनीवर बसून आपला पाय मांडीवर घेते म्हटल्यावर पुण्याहून नोकरीला आलेल्या पंचविशीतल्या मुलाला अवघडल्यासारखं होणारच. कुणी चटकन वाकून उलट मलाच नमस्कार करी. कुणी म्हणे, अक्का, प्लीज, मी माझं बघतो. मग मी सांगायचे, बाळा, हा नमस्कार नाही, माप आहे. नमस्कार करायचा असता तर आधी तुझे मोजे धुवायला लावले असते. तो हसला की पाय सैल पडायचा, आणि सैल पडलेल्या पायाचंच माप खरं येतं.

इंदिरानगरातल्या एका दुकानात मी बूट विकले. ऑफिसचे नव्हेत, लग्नातले नव्हेत; डोंगर चढायचे, पाठीवर ओझं घेऊन दिवसचे दिवस चालायचे, जंगलात हिंडायचे. आमच्या घराण्यात हा धंदा कुणी केला नव्हता. आमची माणसं काही शतकांपूर्वी बंगळुरात आली ती म्हणे घोड्यावर बसून, तेव्हा पायी चालण्याबद्दल त्यांना फारसं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. मी दुकानात लागले ती गल्ल्यावर बसायला. एकदा बूट दाखवणारा माणूस रजेवर गेला, मी गल्ल्यावरून उठून जमिनीवर बसले, आणि गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत तिथंच बसले. आता घरी आहे. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा म्हटलं, सरी, म्हणजे बरं, लिहू.

बूट कसे निवडावेत हे लोक मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात, म्हणून ते आधी सांगून टाकते. बूट घ्यायला सकाळी जाऊ नये. दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा फुगतो, डोंगरात ओझ्याखाली आणखी फुगतो, आणि सकाळी मापात बसलेला बूट दुपारच्या चढणीवर चावायला लागतो. संध्याकाळी जावं, आणि डोंगरात घालणार तेच जाड मोजे बरोबर न्यावेत. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण उतरताना पाय पुढे घसरतो. टाच मात्र जागची हलता कामा नये. हलली की घासते आणि घासली की फोड येतो. आमच्या दुकानात दगड बसवलेला एक लाकडी उतार होता, त्यावरून मी प्रत्येकाला वर-खाली चालवायचे. सपाट फरशीवर सगळेच बूट चांगले वाटतात.

मग माझे प्रश्न असत. कुठं चालायचंय, किती दिवस, आणि पाठीवर ओझं किती. सकाळी सावनदुर्ग चढून जेवायला घरी येणाऱ्याला घोट्याच्या वरपर्यंतचा जड चामडी बूट कशाला हवा? आणि आठवड्याचं सामान पाठीवर घेऊन हिमालयात जाणाऱ्याला धावण्याचे हलके बूट देणं म्हणजे त्याच्या घोट्यांशी वैर. पाणी आत न येणारे बूट सगळ्यांनाच हवे असतात. पण ओढ्यात पाय बुडून पाणी वरून आत शिरलं की अशा बुटातून ते बाहेरही येत नाही, हे कुणाला ऐकायचं नसतं. पावसाला, बर्फाला ते चांगले. तापलेल्या कोरड्या वाटेवर त्यात पाय उकडतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आमच्या बनशंकरीकडच्या बायका शनिवारी चामडं घरात आणत नाहीत, आणि आयटीतली मुलं शनिवारीच मोकळी असतात. दुकान शनिवारवर चालायचं. त्या हिशेबाने साडेसाती मला कायमची चिकटायला हवी होती. एचएसआर लेआउटचा एक मुलगा जॅकेटच्या रंगाला शोभतील असे बूट मागायला आला, ऑफिसच्या बुटांचंच माप घेऊन गेला, माझं ऐकलं नाही. पंधरवड्याने परत आला आणि काही न बोलता मोजे काढून मला दोन्ही अंगठ्यांची काळी पडलेली नखं दाखवली. मी नवं माप काढलं. एका बाईंनी कैलासला जायचं म्हणून उत्तम बूट घेतले, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर जपून ठेवले, आणि काही वर्षांनी जायचा योग आला तेव्हा काढले तर तळवे वडीच्या चुऱ्यासारखे हातात आले. बुटांचं असंच असतं. वापरले तर टिकतात, जपले तर जातात.

आणि शिकारीचे बूट. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात असे बूट असत, जाड अखंड चामड्याचे, नडगीपर्यंत उंच, काट्यातून चालता यावं म्हणून. आपल्याकडे शिकारीला बंदी, त्यामुळे मी त्यांना जंगलाचे बूट म्हणायचे. कोडगूचे कॉफीमळेवाले ते घेत, पक्ष्यांचे फोटो काढणारे घेत. एक म्हातारे मळेवाले बूट पायात चढवून आरशासमोर उभे राहत, न धरलेली बंदूक खांद्याला लावत आणि उसासा टाकून बूट काढून ठेवत. ते दर वर्षी येत. घेतले कधीच नाहीत.

हे सगळं सांगितलं ते खरं तर एका गिऱ्हाइकाबद्दल लिहायला धीर यावा म्हणून.

निखिल नावाचा एक मुलगा होता. बनशंकरीचाच, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला, म्हणजे मराठी बोलता बोलता कन्नडात शिरणारा आणि ते लक्षातही न येणारा. आई लहानपणीच गेलेली, घरात वडील आणि तो. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्याने माझ्याकडून बूट घेतले आणि ते झिजवून पुन्हा घ्यायला आला. माझ्या दृष्टीने याहून मोठी शाबासकी नाही. त्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, त्यामुळे त्याला पुढून रुंद बूट लागे. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा तो लाजला होता. नंतर लाजेनासा झाला. दुकानाजवळून जायचा तेव्हा काचेतून हात करायचा.

एका दुपारी एक वृद्ध गृहस्थ दुकानाच्या दाराशी येऊन थांबले. आत येईनात. धोतर, पांढरा सदरा, वाढलेली दाढी, आणि पाय अनवाणी. रस्ता उन्हाने तापलेला होता. दाराशी उभ्या असलेल्या दुकानातल्या पोरीला वाटलं, काही मागायला आले असतील. मी मात्र ओळखलं की हे सुतकातले आहेत. आमच्याकडे क्रिया करणारा माणूस पायात काही घालत नाही. मी उठून बाहेर गेले. त्यांनी विचारलं, बूट मापणाऱ्या अक्का तुम्हीच का. मी हो म्हटलं. तेव्हा म्हणाले, मी निखिलचा बाप.

डोंगराने त्याला काही केलं नव्हतं. ऑफिसातून घरी येताना, घरापासून हाकेच्या अंतरावर, वळणावर त्याच्या दुचाकीला ट्रकने उडवलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. गेल्या शनिवारी तो दिसला नाही एवढंसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी त्यांना आत यायला सांगितलं. ते म्हणाले, सुतक आहे अक्का, तुमच्या दुकानात विटाळ नको. मी म्हटलं, अण्णा, इथं दिवसभर माणसं बाहेरची धूळ घेऊनच येतात. आत या, पाय भाजतायत तुमचे.

ते आले. मी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी कशासाठी आले ते सांगितलं. बाराव्याच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री आणि पायताण दान देतात. पुढची वाट खडतर असते, उन्हाची असते, ती त्याला सोसावी म्हणून. अण्णांच्या थोरल्या बहिणीने, निखिलच्या आत्याने, बाजारातून चपलांचा जोड आणूनही ठेवला होता. अण्णांनी तो बघितला आणि त्यांना राहवेना.

"तो कधी चपला घालून वाण्याकडेसुद्धा गेला नाही हो," ते म्हणाले. "तेवढ्या वाटेवर चपला घालून कसा जाईल?"

ते पुढे सांगत होते. निखिलचे जुने बूट घरात आहेत, पण दान नवं लागतं. माप त्यांना माहीत नाही, बुटांतला आकडा झिजून गेलेला. मुलगा सांगायचा की इंदिरानगरातल्या अक्काशिवाय मी कुणाकडून बूट घेणार नाही, म्हणून त्या अक्काला शोधत ते दोन बस बदलून, अनवाणी आले होते. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, पण एका मुद्द्यावर येऊन थांबला होता. मुलाला वाटेवर घालायला नीट बूट मिळावेत, बस.

मी उठले, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठं चालायचंय?"

मी जीभ चावली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी नीट विचार केला. भटजी रोज घरी पोथी वाचत होते, ती ते ऐकत होते.

"आधी तापलेली वाळू आहे म्हणतात," ते म्हणाले. "मग काटे. मग एक नदी लागते."

"किती दिवस?"

"वर्षभर."

"आणि ओझं?"

यावर त्यांनी मान वर केली. पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ओझं नसावं. त्यानं कुणाचं वाईट केलं नाही."

तेव्हा मी ठरवलं की हे गिऱ्हाईक इतरांसारखंच आहे आणि त्याचं काम इतरांसारखंच नीट करायचं. त्या पोथीतलं खरं किती, हे मला माहीत नाही. मी देवळात जाते, पण त्या वाटेबद्दल कधी खात्रीने बोलले नाही आणि बोलणारही नाही. पण बूट निवडायचे तर वाट खरी धरूनच निवडावे लागतात. पाणी आत न येणारे मी बाजूला ठेवले. वाळूत उकडतील, आणि नदीत वरून पाणी शिरलं की वर्षभर ओले राहतील. कापडी हलके बूट काट्यांनी फाटतील. मग मी वरच्या फळीवरचे ते जंगलाचे बूट काढले. जाड अखंड चामडं, आत अस्तर नाही, म्हणजे भिजले तरी वाळतील. तळवा चिकटवलेला नाही, शिवलेला, म्हणजे झिजला तरी बदलता येईल. आणि पुढून रुंद. मी एकेक गोष्ट अण्णांना सांगत गेले. ते मान डोलवत होते. शिवण त्यांनी बोटाने चाचपून बघितली.

पुढून रुंद का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी करंगळीचं सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. वयात आल्यावर मुलाचे पाय बाप कशाला बघतो? त्यांनी बूट मांडीवर घेतला. "ती त्याच्या आईची करंगळी," ते म्हणाले. "तिची पण तशीच होती." आणि तिथं, त्या दुकानात, पोरं-पोरी धावण्याचे बूट घालून उड्या मारून बघत असताना, ते रडले. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच मी उतारावरून कुणाला न चालवता बूट बांधून दिले.

देताना मात्र मला एक प्रश्न टोचत होता आणि तो मी विचारला. हे घेणार कोण? ते म्हणाले, भटजी. त्यांचे भटजी मला माहीत होते, आमच्याकडेही येतात. लहानखुरा माणूस, रबरी चपला, स्कूटरवर फिरणारा. मी अण्णांना म्हटलं की हे बूट घालून कुणी चाललं नाही तर चामडं कडक होईल, वर्ष दोन वर्षांत कुजतील. माळ्यावर पडलेल्या बुटांतून कुणीच कुठं जात नाही, या जगातलाही नाही आणि त्या जगातलाही नाही. मी जरा कठोर बोलले असेन. ते पिशवी छातीशी धरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी भटजींना विचारलं होतं, आणि त्या भल्या माणसाने सरळ सांगितलं होतं की माझ्या पायात हे होणार नाहीत, मी घेतले तर कुणाला तरी विकले जातील. दान वापरणाऱ्याच्या हाती पडावं, विधी मी करीन, घेणारा तुम्ही आणा. पण असा माणूस आणायचा कुठून? बाराव्याचं दान घ्यायला लोक घाबरतात. गेलेल्याचं काहीतरी आपल्याला लागेल असं वाटतं. अण्णांनी शेजारच्या दोन-तीन गरजू मुलांना विचारून बघितलं होतं, त्यांच्या घरच्यांनी दारं लावून घेतली. परवा बारावा होता. अण्णांचा आवाज थकलेला होता. म्हणाले, अक्का, तुम्ही इतक्या लोकांचे पाय बघितलेत, त्याच्या मापाचा एखादा चालणारा माणूस द्या. आणि थोडं थांबून म्हणाले, कशाचे बूट आहेत ते त्याला सांगू नका.

माणूस मला आठवला होता. बन्नेरघट्ट्याच्या जंगलालगत चिक्कण्णा म्हणून एक होता, जंगलात गस्त घालणारा, हंगामी नोकरीवरचा. हत्ती कुठून शेताकडे उतरले ते पहाटे बघत हिंडायचं, हे त्याचं काम. आमच्या दुकानात बूट दुरुस्त करून मिळत, तिथं तो स्वतःचे फाटके बूट शिवायला आणायचा. पाय निखिलच्याच मापाचा, फक्त करंगळी सरळ. पण न सांगता द्यायला मी तयार नव्हते. मी अण्णांना तसं स्पष्ट म्हटलं. टाचेला खुपणारा बूट माणूस ओढत नेतो, पण मनाला खुपणारा बूट पहिल्याच दिवशी काढून ठेवतो. तो नाही म्हणाला तर नाही. त्यावर अण्णांनी फोन ठेवला.

मी चिक्कण्णाला सगळं सांगितलं, कन्नडात, काहीही न गाळता. मग त्याने विचारलं, मुलगा केवढा होता? मी सांगितलं, तुझ्याएवढा. तो म्हणाला, अम्माला विचारून सांगतो. त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मीही केला नाही, कारण अशा गोष्टीत पुन्हा विचारणं म्हणजे ते त्याच्या गळ्यात मारणं.

बाराव्याला मी बनशंकरीला अण्णांच्या घरी गेले. पिंड झाले होते. पाटावर छत्री ठेवली होती, तिच्या शेजारी ते बूट, आणि जरा मागे आत्यांनी आणलेला चपलांचा जोड, वेळ पडलीच तर म्हणून. भटजी हळूहळू काम करत होते, मुद्दाम हळूहळू, हे मला कळत होतं. अण्णा मंत्र म्हणत आणि फाटकाकडे बघत. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की तिथी टळायला नको, भटजींना चपला देऊन मोकळं होऊ या, बूट मागाहून देता येतील कुणालाही. त्यांचंही बरोबरच होतं. भावाचे हाल त्यांना बघवत नव्हते. भटजींनी शेवटी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली आणि चपलांकडे हात केला. मला वाटलं, संपलं. आपण यांना नको ती आशा लावली.

त्याच वेळी फाटक वाजलं. चिक्कण्णा होता. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आला होता. हत्तींचा कळप गावात शिरला होता, दोन दिवस त्यांना परत जंगलात घालवण्यात गेले, फोनची बॅटरी संपली, असं काहीबाही तो सांगत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अम्मा काय म्हणाली. तो म्हणाला, अम्मा नको म्हणत होती. मग मुलाच्या आईचं विचारलं तिनं, आई नाही म्हटल्यावर रडली, आणि म्हणाली, जा.

"मला रोज चालायचंच आहे, अक्का," तो म्हणाला. "त्याच्या नावानं चालेन."

भटजींनी त्याला पाटासमोर बसवलं. संकल्प झाला, अण्णांनी त्याच्या हातावर पाणी सोडलं. मग पायताण दात्याने स्वतःच्या हाताने घेणाऱ्याच्या पायात घालायचं होतं. चपला असत्या तर नुसत्या पुढे सरकवल्या की झालं असतं. पण बूट. अण्णांनी आयुष्यात असे बूट हातात धरलेले नव्हते. नाडी कुठल्या आकड्यातून कुठे जाते ते त्यांना कळेना. ते माझ्याकडे बघू लागले. मी गुडघ्यांना न जुमानता त्यांच्या शेजारी बसले. बुटाची जीभ वर ओढून घ्या. टाच मागे ठोकून बसवा. खाली नाडी सैल, घोट्यापाशी घट्ट, तिथं एकदा जास्त पीळ द्या म्हणजे उतारावर पाय पुढे जाणार नाही. मी बोलत होते आणि त्यांचे हात करत होते. चिक्कण्णाचा पाय त्यांनी असा धरला होता की जणू तो दुखतोय.

दोन्ही बूट झाल्यावर मी चिक्कण्णाला उभं राहायला सांगितलं आणि विचारलं, कुठं चावतंय का. तो घरभर चालून आला. घरात, देवासमोर, बूट घालून. आणि त्या सोवळ्या घरात कुणी हूं की चूं केलं नाही. तो म्हणाला, सरी आहे, फक्त डाव्या पायात बाजूला स्वल्प जागा राहते. मी जाड मोजा सुचवणार होते.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "तेवढी राहू द्या."

मग चिक्कण्णा जेवला. आत्यांनी स्वतः वाढलं, दोनदा आग्रह केला. त्याला पुन्हा कामावर जायचं होतं, बस गाठायची होती. त्याने छत्री काखेत घेतली आणि तो निघाला. आम्ही सगळे पायरीवर आलो.

एरवी आपण कुठूनही निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. पण मयताच्या घरून निघताना येतो म्हणायचं नसतं. काही न बोलता, मागे न बघता निघायचं. दान घेणाऱ्याने तर नाहीच. सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट, चिक्कण्णालाही ठाऊक असणार, कारण कन्नड घरातही रीत तीच आहे. पण तो तरुण माणूस होता, पोटभर जेवला होता, पायात नवे बूट होते. फाटकापाशी पोचला, सवयीने वळला आणि म्हणाला, "बर्तीनि." येतो.

आत्यांनी तोंडावर पदर दाबला. भटजींनी मान फिरवली. चिक्कण्णाच्याही लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा पडला. मी अण्णांचा दंड धरला, मला वाटलं ते आता कोसळतील.

अण्णा कोसळले नाहीत. त्यांनी त्या मुलाकडे डोळे भरून बघितलं.

"बा, मगा," ते म्हणाले. ये, बाळा. "निधानवागि बा." सावकाश ये.

चिक्कण्णाने मान हलवली आणि तो बस गाठायला चालत गेला.